देवाला माफच करायचं होतं तर क्रूस कशाला? आणि मग काकूंना का सोसावं लागतंय?

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात तुम्ही असं विचारलंय की देव सर्वशक्तिमान आहे, दयाळू आहे, तर "जा, केलं माफ" म्हणून विषय संपवायचा ना, स्वतःच्या मुलाचा बळी कशाला घेतला? दुसरं, ज्याचं कर्म त्याने भोगावं हा सरळ न्याय असताना दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसामुळे माझं पाप कसं काय फिटतं? आणि मग शेवटी, जाता जाता टाकल्यासारखं एक वाक्य आहे, की तुमच्या शेजारच्या ख्रिश्चन काकूंना कॅन्सर झालाय, केमो चालू आहे, आणि त्या सारखं म्हणतात "येशूने माझ्यासाठी सगळं सोसलंय", मग आता यांना का सोसावं लागतंय.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न तो शेवटचाच आहे, पहिले दोन त्याच्याच पोटातले. पण त्यांना वगळून तिसऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक (धर्मगुरू) होतो, आता रिटायर झालोय. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचा दृढीकरणाचा वर्ग असतो आमच्यात, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घ्यायला लागायच्या आधी करावा लागतो तो, त्यात हा पहिला प्रश्न दरवर्षी ठरलेला. मागच्या बाकावरचा कोणीतरी विचारतो आणि बाकीचे हसतात कारण त्यांच्याही मनात तेच असतं. त्यामुळे तुम्ही काही आगाऊपणा केलाय असं मुळीच समजू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. याचं उत्तर तुम्ही कुणाला विचारता त्यावर थोडं बदलतं. वसईच्या फादरना विचाराल तर भर एका गोष्टीवर असेल, नगरच्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळीत दुसरीवर, पेन्टेकॉस्टल पास्टर तिसरंच काही ठासून सांगतील, केरळातल्या ऑर्थोडॉक्स माणसाला आमची अर्धी भाषा परकी वाटेल. चर्चच्या जुन्या परिषदा घ्या, ३२५ ची नायसियाची, ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची, ४५१ ची कॅल्सेडनची, या सगळ्यांत ख्रिस्त कोण आहे यावर शब्दाशब्दाची भांडणं झाली, पण त्याच्या मरणाने तारण, म्हणजे माणसाची सुटका, नेमकं कशा रीतीने होतं याचं एकच अधिकृत स्पष्टीकरण या परिषदांनी कधी ठरवलं नाही. मतांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या आमच्या श्रद्धेच्या कबुलीत, आम्ही "आमच्यासाठी" वधस्तंभावर खिळला गेला एवढंच म्हणतो. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं काही सगळ्या मंडळ्यांचं आहे आणि काही माझं, जिथे माझं आहे तिथे तसं सांगेन.

आता पहिला प्रश्न. बळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जत्रा, नवस, बोकड. देव कोपलाय किंवा कोपू नये म्हणून माणूस काहीतरी नेऊन देतो, देव खूश होतो, हिशेब मिटतो. हेच चित्र उचलून क्रुसावर ठेवलं की मग तिघे जण तयार होतात: एक रागावलेला देव, एक पापी माणूस आणि मध्ये एक बिचारा निरपराध येशू, ज्याला दोघांच्या भांडणात कापला. असं असेल तर तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, त्याखाली मीही सही करीन. असल्या देवाची भीती वाटेल, भक्ती कोण करणार?

पण ख्रिस्ती श्रद्धेत तो मधला तिसरा माणूसच नाही. येशू देवापासून वेगळा कुणी बाहेरचा नाही, हा आमच्या विश्वासाचा पाया आहे, बाकी सगळं त्यावर उभं आहे. पौल या प्रेषिताने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःबरोबर समेट करत होता. म्हणजे समेट करणारा देव आणि त्याची किंमत मोजणारा देव, एकच. योहानाच्या शुभवर्तमानात (येशूची गोष्ट सांगणारी बायबलातली पुस्तकं ती शुभवर्तमानं) दहाव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी होऊन देतो. नवसात माणूस देवाला देतो. इथे देणारा देव आहे, आपण घेणारे.

आणि गंमत बघा, तुमचा हा आक्षेप सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपनेच घेतलाय. नाझियांझसचे ग्रेगरी, चौथ्या शतकातले, काही काळ कॉन्स्टँटिनोपलचे बिशप होते. तेव्हा बरेच जण शिकवायचे की येशूचं रक्त ही खंडणी होती. ग्रेगरींनी विचारलं, खंडणी दिली कुणाला? सैतानाला? त्या दरोडेखोराला देवाने पैसे चुकते करायचे, लाज वाटली पाहिजे. बरं, मग पित्याला? तर ज्या देवाने अब्राहामाने वेदीवर बांधलेला त्याचा मुलगा इसहाकसुद्धा घेतला नाही, त्याच्या जागी मेंढा दिला, त्याला स्वतःच्या पुत्राचं रक्त हवंसं का वाटेल? हे चर्चच्या बाहेरचं कुणी बोलत नाहीये, ज्याला आम्ही संत मानतो तो बोलतोय. वर्गात मी हे सांगितलं की मागच्या बाकावरचा पोरगा एकदम ताठ बसतो.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागात, यज्ञ आहेत, भरपूर आहेत, लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे, एकाचा यज्ञ आणि दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं कबूल करून त्याला रानात सोडून द्यायचं, हे सगळं आहे. पण त्याच पुस्तकांत संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप आणणारे, ओरडून सांगतात की देवाला हे नकोय. होशेय म्हणतो, मला यज्ञ नको, दया पाहिजे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू हेच वाक्य दोनदा तोंडावर फेकतो धर्मपंडितांच्या. उधळ्या मुलाची गोष्ट घ्या, लूकच्या १५ व्या अध्यायातली. पोरगा सगळं उडवून परत येतो, बाप लांबूनच बघून धावत सुटतो, गळ्यात पडतो, मुलाची माफीची पाठ केलेली वाक्यंसुद्धा पुरी होऊ देत नाही. कुठलाही बळी मागत नाही. पोसलेलं वासरू कापलं जातं ते नंतर, जेवणावळीसाठी.

मग तुम्ही म्हणाल, वा, हेच तर मी म्हणतोय, बाप असाच माफ करतो तर क्रूस कशाला? इथे जरा थांबायला पाहिजे, कारण माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

समजा तुमच्या चुलतभावाने धंद्यासाठी तुमच्याकडून तीन लाख उसने घेतले आणि धंदा बुडाला, थोडा नशिबाने आणि बराचसा त्याच्या उधळपट्टीने. आता तो तुम्हाला टाळतो, घरातल्या लग्नाला आला तरी तुमची पंगत उठल्यावर जेवतो आणि मागच्या मागे निघून जातो. एक दिवस तुम्ही ठरवता, जाऊ दे, सोडले पैसे, नातं राहू दे. बाहेरच्याला वाटतं एका वाक्यात मिटलं. पण ते तीन लाख गेले कुठे? हवेत विरले का? तुमच्या पोरीच्या फीमधून गेले, वरच्या खोलीचं राहिलेलं प्लास्टर राहिलंच, बायकोचे टोमणे चार वर्षं तुम्ही ऐकले. त्याने भरायचे ते तुम्ही भरले, पदरमोड तुमची झाली. माफ करणं म्हणजे झालेलं नुकसान समोरच्याकडून वसूल न करता आपल्या अंगावर घेणं, दुसरं काय. आणि हे नुसत्या पैशाचं झालं. जिथे विश्वासघात झालाय, अब्रू गेलीय, कुणाचा जीव गेलाय तिथे माफ करणाऱ्याच्या आत काय काय जळतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

तर "सरळ माफ करून टाकणं" असं काही जगात नसतंच. किंमत कुणीतरी मोजतोच, एक तर करणारा किंवा सोसणारा. देवाने माफ केलं म्हणजे देवाने ती अंगावर घेतली, आणि क्रुसावर ती उघड्या माळावर, भर दुपारी, सगळ्यांना दिसेल अशी मोजली गेली. म्हणून मी पोरांना सांगायचो की क्रुसाकडे बघून "देवाला केवढा राग आला होता" असं मनात येत असेल तर उलट्या बाजूने बघताय. कफर्णहूमला छत उकलून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला येशूने "तुझ्या पापांची क्षमा झाली आहे" म्हटलं तेव्हा क्रूस अजून पुढे होता. देवाचे हात काही क्रुसाच्या त्या शुक्रवारपर्यंत बांधलेले नव्हते.

मारलं कुणी हेही स्पष्ट बोलू. माणसांनी मारलं. पंतय पिलात हा यहूदीयाचा रोमी सुभेदार, साधारण इ.स. २६ ते ३६, १९६१ साली कैसरियात त्याच्या नावाचा दगडी लेख सापडलाय, म्हणजे हा काही पुराणातला राजा नाही. मंदिराच्या पुढाऱ्यांना आपली व्यवस्था सांभाळायची होती, पिलाताला नोकरी, गर्दीला तमाशा, शिष्यांना आपापला जीव. यहुदी लोकांवर याचं खापर फोडून शतकानुशतकं चर्चने जे पाप केलं ते वेगळंच, १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लेखी सांगितलं की हा आरोप सरसकट यहुद्यांवर ठेवायचा नाही. तर खून माणसांचा. देवाने तो करवला असं मी म्हणत नाही, देवाने तो पाठ न फिरवता स्वतःवर घेतला आणि त्यातूनच वाट काढली असं म्हणतो.

इथे कोणीतरी जाणकार यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातला ५३ वा अध्याय काढणार, की तिथे तर परमेश्वराच्याच मर्जीस आलं की आपल्या सोसणाऱ्या सेवकाला ठेचावं. खरं आहे, ते वाक्य तिथे आहे आणि मी ते गिळून टाकत नाही. पण त्याच अध्यायात सहा ओळी वर असंही आहे की आमचे क्लेश त्याने वाहिले आणि आम्ही मात्र समजलो की देवानेच त्याला मारलंय. दोन्ही सोबत वाचायचे. (यहुदी वाचक तो सेवक म्हणजे इस्राएल लोक असं मानतात, आम्ही त्यात ख्रिस्त बघतो, हा फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा.)

आता क्रुसाने तारण "कसं" होतं याच्या वेगवेगळ्या मांडण्या, भराभर. सुरुवातीच्या शतकांत गुलामांचे बाजार भरायचे, युद्धकैदी पैसे भरून सोडवायचे, तेव्हा लोकांना सुटका आणि खंडणी ही भाषा कळली. अकराव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म, त्यांनी १०९८ मध्ये आपला ग्रंथ पुरा केला, त्यांच्या भोवती सरंजामशाही, तिथे धन्याचा मान मोडला की भरपाई द्यावीच लागे, म्हणून त्यांनी देवाचा मान आणि त्याची भरपाई असं मांडलं. त्यांच्या नंतरचे आबेलार म्हणाले, क्रूस हे प्रेमाचं दर्शन आहे, ते बघून आपलं मन पालटतं. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन आले, ते मुळात कायदा शिकलेले, त्यांच्याकडे कोर्ट आलं: दोषी आपण, शिक्षा त्याला. आज इथल्या बऱ्याच मंडळ्यांत हेच शेवटचं चित्र एकटंच शिकवलं जातं आणि माझ्या मते घोळ तिथून होतो. चित्र खोटं नाही, पापाला न्यायाची बाजू असतेच, ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला विचारा न्याय पाहिजे की नको ते. पण तेवढंच सांगितलं की देव न्यायाधीश राहतो आणि बाप उरत नाही. नुसतं आबेलारचं घेतलं तर मरण हा एक देखावा ठरतो. मला स्वतःला सगळी चित्रं लागतात, कुणासमोर बसलोय त्यावर कुठलं आधी काढायचं ते ठरतं. दारू सोडू बघणाऱ्याला सुटकेची भाषा लगेच समजते, कोर्टाची नाही. ज्याच्या हातून खरंच कुणाचं वाईट झालंय आणि ज्याला रात्री झोप नाही त्याला मात्र "तुझी शिक्षा झाली, संपली" हे ऐकायचं असतं, त्याला प्रेमाचं दर्शन वगैरे सांगून काही होत नाही.

कर्माचा मुद्दा. करावे तसे भरावे हे बायबलला अमान्य नाहीये, लोकांना उगाच तसं वाटतं. गलतीकरांस पत्रात चक्क आहे की माणूस जे पेरतो तेच कापतो. ख्रिस्ती झाला म्हणून खुन्याची जन्मठेप रद्द होत नाही, व्हायलाही नको. जक्कय जकातदाराने येशूला घरी जेवायला नेलं आणि त्याच बैठकीत लुबाडलेलं चौपट परत करायला निघाला. क्षमा मिळाली म्हणून भरपाई टळली नाही, उलट क्षमेनेच त्याचा हात खिशात गेला. क्रुसाने जे मिटतं असं आम्ही मानतो ते म्हणजे देव आणि माणूस यांच्यातला दुरावा, आणि आपल्या पापाचा शेवटचा शब्द आपल्यावर चालणार नाही याची हमी. दुसऱ्याने केलेलं मला कसं लागू होतं, हे तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही, तिऱ्हाईताने केलेलं लागू होणारच नाही. पौल म्हणूनच सारखं "ख्रिस्तामध्ये" असं म्हणतो, बाप्तिस्म्यात आपण त्याच्या मरणात आणि जगण्यात जोडले जातो असं सांगतो. म्हणजे हे लांबून झालेलं ट्रान्स्फर नाही, नातं आहे, आणि नात्यात एकाचं दुसऱ्याला लागतंच, चांगलंही आणि वाईटही, हे आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. यापुढे मात्र श्रद्धेचा भाग येतो, तिथे मी गणित मांडून दाखवू शकत नाही.

इथवरचं गोळाबेरीज: देवाने तिऱ्हाईताला मारलं नाही, स्वतः सोसलं. माफी फुकट नसते, ती देणाऱ्याला पडते. कर्माचे जगातले परिणाम क्षमेने पुसले जात नाहीत, पण त्यांच्यावर सगळं संपतही नाही.

आता काकू.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा माणूस दिसतो आणि शिष्य लगेच विचारतात, गुरुजी, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. म्हणजे आजार ही शिक्षा, हा हिशेब तो मोडून काढतो. तेव्हा काकूंना कॅन्सर झाला तो कुठल्या पापाने, किंवा त्यांचा विश्वास कमी पडला म्हणून, असं जर कुणी त्यांच्या कानावर घालत असेल (आणि घालतात, आमच्यातलेच घालतात, प्रार्थनेला म्हणून येतात आणि "काही कबूल करायचं राहिलंय का" विचारून जातात) तर त्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवा.

"येशूने सोसलं म्हणजे आता मला सोसावं लागणार नाही" असं वचन त्याने कुणालाच दिलेलं नाही. उलट शिष्यांना सांगितलं की तुम्हीही क्रूस उचला. पहिल्या पिढीतल्या मंडळीला तर सुखाचा घास मिळाला नाही. मग काकू काय म्हणतायत? माझ्या अंदाजाने त्या असं म्हणतायत की मी जिथे पोचलेय तिथे तो आधी येऊन गेलाय.

अटकेच्या आधी गेथशेमानेच्या बागेत येशू काय करतो बघा. हसत हसत मरायला जात नाही. हा प्याला टळू दे म्हणून विनवतो, मित्रांना म्हणतो जरा जागे राहा माझ्याबरोबर, तर ते झोपतात. आणि क्रुसावर मार्क आणि मत्तय यांनी जे नोंदवलंय ते "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे जुन्या करारातल्या २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. लोकांना दवाखान्यात २३ वं स्तोत्र वाचून दाखवायची सवय असते, परमेश्वर माझा मेंढपाळ, छानच आहे ते, पण बऱ्याच आजाऱ्यांना त्या दिवशी हिरवी कुरणं ऐकायची नसतात. मी आधी २२ वं वाचायचो. पाण्यासारखा मी ओतला गेलोय, जीभ टाळूला चिकटलीय, माझी सगळी हाडं मी मोजू शकतो, हे केमो घेतलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, तोंड कोरडं पडून जीभ चिकटते म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं. एका आजींनी मधेच थांबवून विचारलं होतं, हे खरंच बायबलात आहे? म्हटलं, हो. मग म्हणाल्या, परत वाचा.

हीच गोष्ट एका जर्मन पोराला बंदिवासात सापडली होती. युर्गेन मोल्टमन, पुढे फार मोठे ईशपंडित (देवाविषयीच्या शास्त्राचे अभ्यासक) झाले, २०२४ मध्ये वारले. १९४३ च्या हॅम्बुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात विमानविरोधी तोफेवर ड्यूटीला होते, कोवळं वय, शेजारी उभा असलेला मित्र जागीच गेला. युद्ध संपल्यावर हे स्कॉटलंडच्या छावणीत कैदी, तिथे कुणीतरी बायबल दिलं, आणि येशूची ती आरोळी वाचून त्यांना वाटलं की मला समजून घेणारा हा एक जण आहे. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच मांडलं की देव दुःखाच्या बाहेर बसून बघत नाही. सगळ्या ईशपंडितांना हे पटत नाही बरं का, देवाला दुःख होतं म्हटलं तर देव बदलतो असं होईल म्हणून जुनी परंपरा इथे फार जपून बोलते. मी मोल्टमनच्या बाजूचा.

आणि आपल्याकडे याला अजून एक धार आहे. इब्रीकरांस पत्रात आहे की येशूने वेशीबाहेर मरण सोसलं. क्रूस ही मुळात गुलामांची, बंडखोरांची शिक्षा, रोमी नागरिकाला सहसा देत नसत. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीवर खरवडलेलं जुनं चित्र सापडलंय, क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, समोर हात वर करून एक जण, आणि खाली लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतोय. म्हणजे चेष्टा चाललीय, असला कसला तुमचा देव. आता नगर-जालन्याकडच्या ज्या वस्त्या मूळ गावाच्या वेशीबाहेरच होत्या, तिथून माझ्यासारख्यांचे पणजोबा मंडळीत आले. त्यांना वेशीबाहेर मेलेला, चेष्टा झालेला देव हे सांगायला कुठला ग्रंथ लागला असेल असं मला वाटत नाही. १९८१ साली अरविंद निर्मल यांनी बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणातून पुढे दलित ईशज्ञान म्हणून जे उभं राहिलं त्याचा गाभा हाच, की क्रुसावरचा ख्रिस्त तुडवल्या गेलेल्यांच्या बाजूचा नुसता कैवारी नाही, त्यांच्यातलाच आहे.

पण म्हणूनच एक धोक्याची सूचना, आणि यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही. क्रूस दाखवून दुसऱ्याला "तू सोस" म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या बाईला "हा तुझा क्रूस आहे, वाहा" असं सांगून परत धाडलेलं मी पाहिलंय आणि त्या सांगणाऱ्यांशी भांडलोयही. येशूने क्रूस स्वतःहून घेतला, दुसऱ्यांसाठी घेतला, आणि दुसऱ्यांचं दुखणं दिसलं तिथे तिथे त्याने ते बरं केलं, एकाही आजाऱ्याला "यात गोडी मान" असं सांगितलं नाही. मारणाऱ्याला पोलीस, आजाराला डॉक्टर, वेदनेला मॉर्फिन. काकू जर "प्रभूने सोसलं, मी पण सोसते" म्हणून दुखण्याचं औषध टाळत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा, आणि त्यांच्या पाळकांना किंवा फादरनाही सांगा म्हणजे ते समजावतील. त्यात विश्वास कमी पडत नाही.

काकू कॅथलिक असतील तर अजून एक गोष्ट तुमच्या कानावर येईल, "मी माझं दुखणं अर्पण करते." पौलाने कलस्सैकरांना लिहिलंय की ख्रिस्ताच्या क्लेशांतलं उरलेलं मी माझ्या देहात भरून काढतोय, त्यावरून आपलं सोसणं ख्रिस्ताच्या सोसण्याला जोडून कुणासाठी तरी देवापुढे ठेवायचं अशी त्यांची साधना आहे, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये दुःखाच्या अर्थावर एक अख्खं पत्र लिहिलंय. आम्ही प्रोटेस्टंट ते वाक्य जरा वेगळं वाचतो कारण ख्रिस्ताच्या कामात उणीव राहिली असं आम्हाला म्हणवत नाही (त्यांनाही तसं म्हणायचं नसतं, असो). वाद घालू नका तिथे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपल्या हातून अजून कुणासाठी काही होतंय असं वाटणं ही लहान गोष्ट नाही.

आणि हे सगळं पुनरुत्थानाशिवाय, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला हे सोडून, बोललो तर अर्धवट. पौल सरळच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फोल. शुक्रवारच संपूर्ण गोष्ट असती तर ती एका भल्या माणसाच्या खुनाची बातमी झाली असती आणि तशा रोज येतात. काकूंच्या बोलण्यात जो धीर दिसतोय तो येशू उठला त्या रविवारचा आहे. तुम्ही तो मानला पाहिजे असं काही नाही, पण त्यांचं बोलणं कळायला हे माहीत असलेलं बरं.

तुम्ही स्वतः काय करावं? त्यांना "का" याचं उत्तर देऊ नका, मीही दिलं नसतं. बायबलात ईयोब म्हणून एक भला माणूस आहे, सगळं गमावून बसलेला, त्याचे मित्र पहिले सात दिवस नुसते त्याच्याजवळ बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं तिथून बिघडलं. केमोच्या दिवशी रिक्षा, त्यांच्या घरी डबा, रिपोर्ट आणून देणं हे करा. वाचायचंच असेल तर मार्कचे १४ ते १६ हे अध्याय एका बैठकीत वाचा, अर्धा तासही लागत नाही, आणि बघा की खिळे ठोकण्याचं प्रत्यक्ष वर्णन तिथे जवळजवळ नाहीच, तीन-चार शब्दांत उरकलंय. हल्लीच्या नाटकांत आणि प्रवचनांत जो रक्ताचा सडा असतो तो मार्कला महत्त्वाचा वाटला नव्हता. त्याने जागा दिलीय ती कोण पळून गेलं, कोण लांबून बघत राहिलं आणि कोणत्या बायका शेवटपर्यंत थांबल्या याला.

लेवीयमधल्या यज्ञांबद्दल अजून विचारायचं असेल तर वेगळा प्रश्न टाका, तो विषय मोठा आहे आणि इथे आधीच फार लांबलंय.